काडतुसाच्या शोधात: थ्री-नॉट-थ्री ते सहा पूर्णांक आठ

(डिंभे येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. पुनरुक्ती काढली आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



समोर माजी सैनिक बसलेत, भरतीची तयारी करणारी मुलंही बसलीत. म्हणजे आज ज्यांनी थ्री-नॉट-थ्री खांद्यावर वाहिली तेही ऐकतायत आणि ज्यांच्या खांद्यावर उद्या एके-२०३ येणार तेही ऐकतायत. या दोन रायफलींमध्ये जे काही घडलं, त्याची ही गोष्ट आहे. पण ती मी रायफलीच्या बाजूनं सांगणार नाही, काडतुसाच्या बाजूनं सांगणार आहे.

का? तर रायफल सगळ्यांना दिसते. संचलनात दिसते, सिनेमात दिसते, फोटोत दिसते. काडतूस कुणी बघत नाही. पण सैन्याच्या दृष्टीनं खरा निर्णय काडतुसाचा असतो. रायफल म्हणजे काडतूस वापरायचं यंत्र. काडतूस ठरलं की रायफलीची लांबी, वजन, धक्का, मॅगझिन हे सगळं बरंचसं ठरून जातं. आणि एकदा ठरलं की पुढची तीस-चाळीस वर्षं ते बदलत नाही, कारण त्याच्या मागे कारखाने उभे असतात.

आधी काडतूस समजून घेऊ

काडतुसात चार गोष्टी असतात. पुढे गोळी. मागे पितळेची पुंगळी. पुंगळीत दारू. आणि बुडाशी टोपी, म्हणजे प्रायमर. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, टोपी पेटते, टोपीनं दारू पेटते, वायूचा दाब वाढतो आणि गोळी नळीतून बाहेर पडते. पुंगळी त्या क्षणी फुगून नळीच्या मागच्या भागाला घट्ट बसते, म्हणून वायू मागे जवानाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की ती परत सैल होते आणि बाहेर फेकली जाते. हे फुगणं आणि सैल होणं पितळेला जमतं. सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, हे त्याचं प्रमाण.

आता आकडे. ७.६२ गुणिले ५१ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा आणि दुसरा पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ इथंच होतो. ७.६२ गुणिले ५१ हे एक काडतूस. ७.६२ गुणिले ३९ हे एके रायफलीचं, वेगळं. आणि ड्रॅगुनोव स्नायपर रायफलीचं ७.६२ गुणिले ५४, ते तिसरंच. तिन्ही आपल्या सैन्यात आहेत. तिघांचा व्यास एकाच नावाचा, पण एकाचं काडतूस दुसऱ्याला चालत नाही. वायरलेसवर नुसतं ‘७.६२ पाठवा’ म्हटलं तर मागून काय येईल, सांगा बरं!

काडतूस आणि विश्वास

आपल्या इतिहासात काडतूस पहिल्यांदा मोठ्या अक्षरात येतं ते १८५७ साली. एनफिल्ड रायफलीचं काडतूस कागदाचं होतं. ते दातानं फाडून दारू नळीत ओतायची. त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून काय झालं ते शाळेत आपण सगळे शिकलो. मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतूस घ्यायला नकार दिला, त्यांना बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी, भडका उडाला.

धर्माचा भाग आहेच. पण मी त्यातून आणखी एक गोष्ट घेतो. जे काडतूस शिपायाच्या हातात जायचं होतं, ते ठरवताना शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. आणि बंड मोडल्यावर इंग्रजांनी काय केलं? तर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनी हत्यारं द्यायचं धोरण ठेवलं. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्या लोकांच्या हातात जुनी स्नायडर होती. म्हणजे कोणतं काडतूस कुणाला द्यायचं, हा प्रश्न केवळ तांत्रिक कधीच नव्हता.

याच काळात, १८६९ साली, खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. इथून मंचर, राजगुरुनगर, भोसरी करत पुण्यात शिरलात की खडकी फार लांब नाही. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथं काडतुसं बनतायत. आपल्या गोष्टीत खडकी परत येणार आहे.

थ्री-नॉट-थ्री आणि दमदम

१८८० च्या दशकाच्या अखेरीला .३०३ आलं. इंचाच्या हजार भागांतले ३०३ भाग, म्हणून थ्री-नॉट-थ्री. बिनधुराची दारू, लहान व्यासाची वेगवान गोळी. पण ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार सुरू झाली की ही गोळी माणसाच्या आरपार जाते आणि समोरचा पुढे येतच राहतो. मग कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात गोळीचं टोक उघडं ठेवायला सुरुवात झाली. आत शिरली की ती फुलायची आणि भयानक जखम करायची. त्या गावाचं नाव जगभर त्या गोळीला चिकटलं. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. ब्रिटननं तो मान्य करायला १९०७ साल उजाडलं.

हे मी सांगतोय कारण ‘लहान गोळीनं माणूस पडत नाही’ ही तक्रार आजची नाही. ती तेव्हापासून आहे. शंभर वर्षांनी ती काश्मीरमध्ये परत ऐकू आली, त्याकडे येतोच.

थ्री-नॉट-थ्रीनं दोन महायुद्धं काढली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, इटलीत लढल्या, त्या याच काडतुसावर. आणि मग आलं १९६२. दहा गोळ्यांचं मॅगझिन, प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी. समोर चिनी सैनिकांच्या हातात आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या, ७.६२ गुणिले ३९ च्या. तो पराभव काही रायफलीमुळे झाला नाही, त्याची कारणं दिल्लीपासून रस्त्यांपर्यंत आहेत. पण ज्यांनी तो बोल्ट ओढला त्यांना फरक कळला होता.

दुसऱ्यांनी ठरवलेलं माप

आता जरा बाहेर जाऊ. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या आणि रशियनांच्या लक्षात आलं होतं की पायदळाची बहुतेक चकमक तीनशे मीटरच्या आत होते. मग हजार मीटर जाणारं जड काडतूस कशाला? रशियनांनी १९४३ साली मधल्या ताकदीचं ७.६२ गुणिले ३९ तयार केलं. त्यावर पुढे कलाश्निकोव्हची रायफल आली.

इंग्रजांनाही हेच वाटत होतं. त्यांनी .२८० इंचाचं, म्हणजे साधारण सात मिलिमीटरचं काडतूस बनवलं, त्यावर ईएम-२ नावाची रायफलही बनवली. १९५१ साली ती स्वीकारल्याचं जाहीरसुद्धा झालं. पण अमेरिकेला आपलं मोठं काडतूस हवं होतं आणि नाटोत सगळ्यांचं काडतूस एक असायला हवं होतं. शेवटी अमेरिकेचं चाललं. ७.६२ गुणिले ५१ हे नाटोचं काडतूस ठरलं.

आपण नाटोत नव्हतो, आजही नाही. पण १९६२ नंतर आपण तेच काडतूस घेतलं. इशापूरला एसएलआर बनू लागली. गंमत बघा, तोवर हजारो जवानांना रायफल द्यायची म्हणून इशापूरनं जुन्या एनफिल्डचीच आवृत्ती ७.६२ मध्ये काढली. पण नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून नुसती नळी बदलून भागलं नाही, पोलादही चांगलं वापरावं लागलं. काडतूस बदललं की रायफलीचा गाभा बदलावा लागतो, तो असा.

१९७१ ची लढाई एसएलआरवर झाली. जड रायफल, वीस गोळ्यांचं मॅगझिन, खांद्याला जोरदार धक्का. पण ज्यांनी वापरली ते जुने जवान आजही तिचं नाव काढलं की सरसावून बसतात. इथंही दोघं-तिघं सरसावलेत, मला दिसतायत. (हशा)

छोट्या गोळीचं युग

अमेरिकेनं सगळ्या मित्रांच्या गळ्यात जड काडतूस बांधलं आणि दहा-बारा वर्षांतच स्वतः ते सोडलं. व्हिएतनामच्या जंगलात एम-१६ रायफल आली, ५.५६ मिलिमीटरची. गोळी जेमतेम चार ग्रॅमची, पण वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या वर. धक्का कमी, वजन कमी, जवान दुप्पट गोळ्या नेऊ शकतो.

सुरुवातीला काय झालं माहितीये? एम-१६ भर लढाईत अडकायला लागल्या. जवान रायफल उघडून साफ करत असताना मारले गेले. चौकशीसाठी १९६७ साली अमेरिकी संसदेची समिती बसली. एक मोठं कारण निघालं ते काडतुसातल्या दारूचं. रायफल ज्या दारूवर तपासली होती ती बदलून दुसऱ्या प्रकारची दारू भरली होती. त्यानं काजळी वाढली, गोळीबाराची गती वाढली. शिवाय नळीच्या मागच्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता आणि ‘ही रायफल साफ करावी लागत नाही’ असा समज पसरला होता. म्हणजे मापं तीच, बाहेरून काडतूस तेच, पण आतली दारू वेगळी. तेवढ्यानं माणसं गेली.

१९८० मध्ये नाटोनं ५.५६ गुणिले ४५ हे दुसरं प्रमाण काडतूस केलं. रशियनांनीही तोवर ५.४५ आणलं होतं. सगळं जग लहान गोळीकडे निघालं, आणि आपणही निघालो. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संशोधन संस्थेत ऐंशीच्या दशकात इन्सासचं काम झालं आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी ती पलटणींच्या हातात पडली. मधल्या वर्षांत काश्मीर पेटलं होतं, इन्सास तयार नव्हती, म्हणून एके पद्धतीच्या रायफली बाहेरून आणाव्या लागल्या. ७.६२ गुणिले ३९ आपल्या सैन्यात मोठ्या प्रमाणावर शिरलं ते असं, मागच्या दारानं.

त्या वेळी ५.५६ च्या बाजूनं एक युक्तिवाद सगळीकडे सांगितला जायचा. शत्रू मेला तर एक माणूस कमी होतो, जखमी झाला तर त्याला उचलायला आणखी दोघं लागतात. दोन देशांच्या सैन्यांमध्ये समजा हे खरं धरू. पण मरायच्याच तयारीनं आलेल्या अतिरेक्याला उचलायला कुणी येत नाही. तो जखमी झाला तरी गोळी झाडतच राहतो. काश्मीरमध्ये जवानांची तक्रार नेमकी ही होती आणि म्हणून तिथं इन्सासपेक्षा एकेला पसंती मिळत गेली. कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या, रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. त्या रायफलीच्या होत्या, काडतुसाच्या नव्हत्या. पण बदनाम दोन्ही झाली.

परत मोठ्या गोळीकडे

मग शोध सुरू झाला. २०११ साली सैन्यानं निविदा काढली. मागणी अशी की एकच रायफल, नळी बदलली की ५.५६ चालेल आणि दुसरी नळी लावली की ७.६२ गुणिले ३९ चालेल. कागदावर फार छान. चार वर्षं गेली आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. कोणतं काडतूस हे ठरवता येत नसलं की माणूस ‘दोन्ही द्या’ म्हणतो. घोडेगावच्या बाजारात आपण असं म्हणतो तेव्हा पिशवी जड होते. इथं चार वर्षं गेली.

२०१६ च्या सुमाराला सैन्यानं ठरवलं की ५.५६ सोडून ७.६२ गुणिले ५१ कडे जायचं. २०१९ च्या फेब्रुवारीत ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला, आघाडीवरच्या जवानांसाठी. २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या. आणि दुसऱ्या बाजूला एके-२०३. तिचा कारखाना अमेठीजवळ कोरव्याला, रशियाच्या भागीदारीत. २०२१ च्या डिसेंबरात सहा लाखांहून जास्त रायफलींचा करार झाला. काडतूस ७.६२ गुणिले ३९.

म्हणजे हिशोब काय झाला? आघाडीला ७.६२ गुणिले ५१. बाकी बहुतेकांना ७.६२ गुणिले ३९. आणि हलक्या मशीनगन, जुन्या इन्सास आणि नवी कार्बाइन यांच्यासाठी ५.५६. एका प्रमाण काडतुसाचा शोध निघाला होता, हातात तीन आली.

ओझ्याचा हिशोब

आता वजनाकडे या. ५.५६ चं एक काडतूस साधारण बारा ग्रॅम. ७.६२ गुणिले ३९ चं सोळा-सतरा. ७.६२ गुणिले ५१ चं चोवीसच्या आसपास. म्हणजे एका किलोत पहिल्याची ऐंशीच्या वर काडतुसं बसतात, दुसऱ्याची साठ, तिसऱ्याची चाळीस-एक. ताकद बघा. नळीतून बाहेर पडताना ५.५६ च्या गोळीत साधारण सतराशे ज्यूल ऊर्जा असते, ७.६२ गुणिले ३९ मध्ये दोन हजार, ७.६२ गुणिले ५१ मध्ये तेहतीसशे. ताकद दुप्पट पाहिजे तर ओझं दुप्पट आणि खांद्याचा धक्काही दुप्पट.

हिरड्याच्या दिवसांत आहुप्याकडच्या वाटेनं डोक्यावर पोतं घेऊन चाललेल्या बाईला विचारा, किलोभर जास्त म्हणजे काय. पहिल्या पाच मिनिटांत काही वाटत नाही. चढ लागला की कळतं. जवान तर पाणी, शिधा, वायरलेस, चिलखती जाकीट, ग्रेनेड हे सगळं घेऊन चौदा-पंधरा हजार फुटांवर चढतो. तिथं त्याला सांगायचं की तुझी गोळी आता जास्त ताकदीची आहे, फक्त तू निम्म्याच ने.

मग मोठी गोळी नकोच का? तसं नाही. दरीपलीकडच्या डोंगरावर पाचशे मीटरवर शत्रू असेल, त्याच्या अंगात चिलखत असेल, तर सतराशे ज्यूलची गोळी तिथं पोचेपर्यंत थकलेली असते. घरात शिरून झडती घ्यायची असेल तर तीच मोठी गोळी भिंतीपलीकडच्या माणसालाही लागू शकते. जागा बदलली की उत्तर बदलतं. म्हणून ‘सगळ्यात चांगलं काडतूस कोणतं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठं, किती अंतरावर आणि कोण वाहणार, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

अमेरिकेचं ६.८

अमेरिकेला हाच पेच अफगाणिस्तानात पडला. डोंगरावरून लांबून मारा व्हायचा आणि यांची ५.५६ तिथं कमी पडायची. शिवाय उद्याच्या शत्रूच्या अंगात उत्तम चिलखत असणार. म्हणून २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ६.८ गुणिले ५१ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाच्या रायफलीसाठी सिग कंपनीशी करार केला. त्या रायफलीला आता एम-७ म्हणतात. या काडतुसाची खुबी दाबात आहे. ५.५६ चा दाब चौरस इंचाला साधारण ६२ हजार पाउंड, याचा ८० हजार. एवढा दाब नुसत्या पितळेला सोसत नाही, म्हणून पुंगळीचं बूड पोलादाचं आणि वरचा भाग पितळेचा केला.

आणि किंमत कोणी मोजली? त्याच खांद्यानं. आधी जवान २१० गोळ्या न्यायचा, आता १४०. तिथं अधिकाऱ्यांमध्ये यावरून जोरात वाद चालू आहे. बाकीच्या सैन्याकडे ५.५६ राहणारच आहे, म्हणजे त्यांचंही एक काडतूस झालेलं नाहीच.

आपल्याकडे लगेच सूर निघतो, ‘अमेरिकेनं ६.८ घेतलं, आपण कधी घेणार?’ माझं म्हणणं आहे, थांबा. थ्री-नॉट-थ्री ब्रिटननं ठरवलं. ७.६२ गुणिले ५१ अमेरिकेनं ठरवलं. ७.६२ गुणिले ३९ रशियानं ठरवलं. ५.५६ परत अमेरिकेनं. दरवेळी दुसऱ्याच्या लढाईतून निघालेलं उत्तर आपण आपल्या प्रश्नाला लावलं. पाचव्यांदा तेच करायचं का?

पुण्याचं काम

स्वतःचं काडतूस आपण बनवलं नाही असं नाही. एआरडीईनं ५.५६ गुणिले ३० मिलिमीटरचं छोटं काडतूस तयार केलं आणि त्यावर जेव्हीपीसी ही आखूड कार्बाइन. २०२० च्या डिसेंबरात तिच्या अखेरच्या वापर-चाचण्या पार पडल्या. ती काडतुसं बनतात खडकीला. हे जवळच्या लढाईचं काडतूस आहे, मुख्य रायफलीचं नाही. केंद्रीय दलं आणि पोलिसांना ते उपयोगी आहे. पण गरज आपण ठरवली, माप आपण ठरवलं, कारखाना आपला.

२०२४ च्या जानेवारीत पुण्यात ‘उग्रम’ रायफल दाखवली गेली. एआरडीई आणि हैदराबादच्या एका खासगी कंपनीनं मिळून केलेली, ७.६२ गुणिले ५१ ची, वजन चार किलोच्या आत, पल्ला पाचशे मीटर. शंभर दिवसांच्या आत ती उभी केली असं संस्थेनं सांगितलं. ५.५६ गुणिले ४५ च्या कार्बाइनचं मोठं काम पुण्याच्याच भारत फोर्जकडे आलं आहे. आणि खडकीबरोबर जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव विसरू नका, लहान शस्त्रांची काडतुसं तिथंही बनतात. २०२१ नंतर हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आले, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. म्हणजे मंडळी, देशातल्या रायफलीच्या काडतुसाची गोष्ट लिहायची तर ती पुणे जिल्ह्याला वगळून लिहिता येत नाही.

आपल्या धरणाच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार. १९३० च्या डिसेंबरात मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि गेला. स्वदेशी हा शब्द या तालुक्यात कुणी शिकवायला नको. पण मला त्या शब्दाचा पुढचा अर्थ घ्यावासा वाटतो. परदेशी वस्तूची नक्कल इथं केली म्हणजे अर्धं स्वदेशी झालं. आपल्याला काय लागतं हे आपण मोजून ठरवलं म्हणजे पुरं झालं.

मग मोजायचं काय? एक, आपल्या चकमकी खरंच किती अंतरावर होतात. काश्मीरच्या वस्तीत वेगळ्या, लडाखच्या उघड्यावर वेगळ्या. दोन, उंचीवर जवान किती वजन घेऊन लढू शकतो. तीन, आपली काडतुसं उणे तीस अंशात आणि राजस्थानच्या उन्हात सारखी वागतात का, कारण थंडीत दारूचा दाब उतरतो आणि उन्हात चढतो. चार, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, जवानाला सरावाला किती गोळ्या मिळतात. काडतूस महाग झालं, बाहेरून आणावं लागलं, तर पहिली कात्री चांदमारीवर चालते. चांदमारी कमी झालेल्या जवानाच्या हातात जगातलं उत्तम काडतूस दिलं तरी ते मातीतच जाणार. जे काडतूस खडकी-वरणगावला भरपूर आणि एकसारख्या दर्जाचं बनतं, ते थोडं कमी ताकदीचं असलं तरी मी त्याच्या बाजूनं उभा राहीन.

इथं थांबतो. प्रश्न विचारा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न (एक माजी सैनिक): तीन काडतुसं असली तर बिघडलं काय? ज्याला जे लागतं ते त्याला.*

सुभेदारसाहेब, तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. काम वेगळं तर काडतूस वेगळं, यात चूक नाही. अडचण येते ती पुरवठ्यात आणि शेजारच्या माणसाशी देवाणघेवाणीत. तुमच्या डावीकडच्या जवानाच्या गोळ्या संपल्या आणि त्याची रायफल वेगळ्या काडतुसाची असेल, तर तुमचं भरलेलं मॅगझिन त्याच्या कामाचं नाही. म्हणून माझ्या मते एका तुकडीत तरी काडतूस शक्यतो एक असावं. सगळ्या सैन्यात एक नसलं तरी चालेल.

*प्रश्न: पोलिसांचं काय? त्यांच्याकडे अजून जुन्याच रायफली होत्या ना?*

हो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटी स्थानकात अतिरेक्यांच्या हातात एके होत्या आणि आपल्या लोकांकडे थ्री-नॉट-थ्री आणि लाठ्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी नुसत्या हातांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. आपण त्यांच्या धैर्याबद्दल बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण त्यांच्यावर ती वेळ का आली, हेही बोललं पाहिजे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर थ्री-नॉट-थ्रीला अधिकृत निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला. १८८० च्या दशकातलं काडतूस, २०२० पर्यंत!

*प्रश्न (भरतीची तयारी करणारी मुलगी): सर, आम्ही यातलं काय लक्षात ठेवायचं? परीक्षेला विचारतात का हे?*

(हसून) बाळ, रायफलीचं नाव आणि तिचं माप विचारतील कदाचित. एके-२०३ म्हणजे ७.६२ गुणिले ३९, सिग-७१६ म्हणजे ७.६२ गुणिले ५१, इन्सास म्हणजे ५.५६ गुणिले ४५. एवढं पाठ कर. पण भरती झालीस आणि चांदमारीला गेलीस, की हातातलं काडतूस एकदा नीट बघ. बुडाशी कारखान्याची खूण आणि साल कोरलेलं असतं. ते कुठं बनलं, कधी बनलं, ते वाच. रोज वापरायची वस्तू कुणी, कशासाठी बनवली हे माहीत असलेला जवान वरच्यांना योग्य प्रश्न विचारू शकतो. १८५७ ला ती सोय नव्हती. तुला आहे.

चहा तयार आहे, थंड होऊ देऊ नका.